पुन्हा वर्गात

आमच्या धाकट्या बहिणीचा फोन फजरच्या नमाजानंतर येतो. तेव्हा तिकडे फ्लोरिडात आदल्या दिवसाची रात्र असते. त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "अम्मी, तिसऱ्यांदाही नापास झाले." अम्मी तसबीह हातात धरून गप्प बसली. अब्बांनी फोन घेतला आणि विचारले, "जेवलीस का?"

आम्ही जव्हारचे. आमच्या खानदानात नर्स झालेली ही पहिलीच. जीएनएम झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली आणि लग्नापर्यंत तिने मोखाड्याकडच्या पाड्यांवर काम केले. आपल्याकडे शिक्षण पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाले की नोंदणी मिळते. अमेरिकेत परवान्यासाठी एन्क्लेक्स ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिची फी 200 डॉलर. प्रश्न कमीत कमी 85, जास्तीत जास्त 150. मागच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न संगणक ठरवतो. नापास झाल्यास निदान 45 दिवस थांबायचे. आणि फ्लोरिडाचा कायदा असा की, तीनदा नापास झालेल्याला उपचारात्मक अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय पुन्हा बसता येत नाही.

आम्ही काय केले? खोटे बोललो. मोहल्ल्यात कुणी विचारले की "निकाल यायचाय" म्हणून सांगू लागलो. मुलीला परदेशी पाठवल्याची फुशारकी आम्हीच मारली होती. आता तोंड लपवायची पाळीही आमचीच होती. आमच्यातल्या एकाने तर तिला सांगितले, "पुरे झाले, घर सांभाळ."

ती चिडली नाही. नापास का झालो हे तिने शोधून काढले होते. "तिथे चारही उत्तरे बरोबर वाटतात. आधी काय कराल, एवढेच विचारतात. मी मोखाड्याचे उत्तर देते. रुग्णाचा श्वास अडला की माझ्या डोक्यात आधी गाडीची सोय येते. पावसात घाट बंद असेल तर काय, हे आधी येते. त्यांच्या प्रश्नात ऑक्सिजन भिंतीलाच असतो."

मग ती म्हणाली, "आपल्याकडे पोर वजनात भरले नाही तर आपण त्याला नापास म्हणतो का?"

आम्ही निरुत्तर झालो. 1992-93 मध्ये वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हापासून जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणाशी जोडले गेले. पोषण पुनर्वसन केंद्रात पोराला आईसह ठेवून घेतात, औषध देतात, थोडे थोडे खाऊ घालतात, पुन्हा काट्यावर ठेवतात. पोराला घरी न्यायला निघालेल्या कितीतरी आयांना हिनेच हाताला धरून थांबवले होते. "अजून थोडे दिवस राहा, बाई," म्हणून विनवले होते. आम्ही मात्र आमच्या लेकीला उठून घरी चल म्हणत होतो.

तिने नाव नोंदवले आहे. वर्गातले शिक्षण, शिवाय रुग्णालयातले प्रत्यक्ष काम. फीचा काही भाग अब्बांनी पाठवला. पास होईल की नाही, अल्लाह जाणे.

परवा शेजारच्या खालांनी पुन्हा विचारले. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अम्मीच म्हणाली, "तीनदा नापास झाली. आता परत शिकतेय. दुआ करा."

खालांनी हात उचलले. एवढे सोपे होते ते.