चार खांदे

कथकात ‘बाबुल मोरा’ ही ठुमरी बसवायला घेतली की मुली हमखास रडून दाखवतात. पदर तोंडाशी जातो, डोळे मिटतात, उरलेलं काम भैरवी करून टाकते. मी म्हणते, रडू बाजूला ठेव. आधी ठुमरीतली डोली उचल.

ही ठुमरी वाजिद अली शाहच्या नावावर आहे. 1856 मध्ये कंपनी सरकारनं त्याला अवधच्या गादीवरून उतरवलं. लखनौ सुटलं, तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्जात राहिला आणि 1887 साली तिकडेच वारला. सासरी निघालेली लेक, गाव सुटलेला नवाब, शेवटच्या वाटेला लागलेला माणूस. तिघांची डोली या ठुमरीत एकच आहे.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी कामाच्या, म्हणजे प्रेमाच्या, दहा अवस्था सांगितल्यात. पहिली अभिलाष, दहावी मरण. विद्यार्थिदशेत ही यादी मी घडाघडा म्हणायचे. प्रेमाच्या यादीत मरण का, हे उमगलं बाबांना नेलं त्या सकाळी. खांदेकऱ्यांत भाऊ सगळ्यांत उंच. तिरडी कलू नये म्हणून तो गल्लीच्या टोकापर्यंत गुडघे वाकवून चालला. डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळा जीव त्या उंचीत गोळा झाला होता. बापावरचं इतकं उघडं प्रेम मी त्याच्या अंगात कधी पाहिलं नव्हतं.

तिरडीला चार खांदे असतात, कथकात भाव करणारी एकटीच असते. भोई तीच, आत बसलेली नवरीही तीच. दीपचंदीच्या चौदा मात्रांत आठवीवर ‘खाली’, म्हणजे रिकामी मात्रा, येते, डग्ग्याचा घुमारा थांबतो. डोली मी तिथे उचलायला लावते. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, उचलली तर टाळी नक्की पडते, पण वजन निघून जातं. खालीच्या मात्रेवर उजवा खांदा जेमतेम दोन बोटं दबतो, गुडघे किंचित वाकतात, घुंगरू अजिबात वाजत नाहीत. पुढच्या आवर्तनात तीच मुलगी डोलीचा पडदा सारून अंगणाकडे बघते. हे लग्न की मरण, हे तिनं चेहऱ्यावर ठरवून टाकायचं नाही. ठरवलं की ठुमरी तिथेच संपते.

परवा एका मुलीनं विचारलं, “ताई, मग प्रेम कुठे दाखवायचं?” मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तबलजींना म्हटलं, पुन्हा घ्या.

ही ठुमरी कुणी नाचताना पाहाल तेव्हा चेहऱ्यावरच थांबू नका. आठव्या मात्रेला खांदा बघा.