निळी पाटी कुठली?

ऑस्ट्रियात स्कीच्या उतारावर निळी पाटी दिसली, तर नवख्याने निर्धास्त व्हावं. तोच निळा रंग अमेरिकेत, कोलोरॅडोत, चौकोनाच्या रूपात भेटला तर मात्र जरा थांबावं. तिथे तो मधल्या पायरीचा आहे. सोपी वाट हिरव्या वर्तुळाची आणि अवघड वाट पत्त्यांतल्या चौकटसारख्या काळ्या आकाराची. फ्रान्समध्ये हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढती भाजणी. जपानमध्ये हिरव्यानंतर थेट लाल. रंग ओळखता येणं पुरेसं नाही, आपण पृथ्वीच्या कुठल्या तुकड्यावर उभे आहोत तेही ठाऊक हवं. म्हणूनच या पाट्यांचं मला विलक्षण आकर्षण वाटतं.

ऑस्ट्रिया-जर्मनीच्या मानकांत निळी वाट साधारण 25 टक्के उतारापर्यंत, लाल 40 टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळी. टक्के म्हणजे अंश नव्हेत. आडव्या 100 मीटरमागे 40 मीटर खाली जायचं, तर कोन होतो सुमारे 22 अंशांचा. अमेरिकेत तर प्रत्येक वाटेची प्रतवारी त्याच डोंगरावरच्या इतर वाटांशी ताडून ठरते. लहानशा टेकडीवरची काळी वाट मोठ्या पर्वतावर निळी ठरू शकते.

शाळेत उतार ओळखायला समोच्च रेषा शिकवतात: रेषा दाटल्या की चढ उभा. परीक्षेत त्याचे गुण मिळतात. पण त्या दाट रेषा उत्तरेला तोंड करून आहेत की दक्षिणेला, हे कोण विचारतं? उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेकडच्या सावलीत हिम कोरडं, भुसभुशीत राहतं. दक्षिणेकडचं दुपारी वितळतं आणि रात्री गोठून काचेसारखं कडक होतं. तीच लाल वाट सकाळी एक असते, उन्हं चढल्यावर दुसरी. न्यूझीलंडमध्ये हे सगळं उलटं, आणि तिथला हंगामही आपल्या ऐन पावसाळ्यातला.

आपल्या भूगोलातली खरी पोकळी इथे आहे, असं मला मनापासून वाटतं. पर्वतांची नावं आणि उंची आपल्याला पाठ असतात, हिम कुठून येतं ते नसतं. जपानच्या होक्काइडो बेटावरचा निसेको-अन्नुपुरी डोंगर जेमतेम 1,308 मीटरचा, आपल्या कळसूबाईहून ठेंगणा. तरीही तिथे अलोट हिम पडतं. सायबेरियाचे थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि डोंगरांना अडून ते हिमाच्या रूपात टाकतात. अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांना सह्याद्री अडवतो आणि कोकण भिजतं, हे माहीत असलेल्याला निसेको समजायला किती वेळ लागेल? गुलमर्गला हिवाळ्यात हिम आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, थेट भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली. गंडोल्यातून अफरवट डोंगराच्या अंगावर चढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पर्यटकाच्या बुटाखाली त्या दूरच्या समुद्राचं पाणी असतं. हे कळल्यावर तो पांढरा उतार नुसता फोटोची पार्श्वभूमी राहत नाही.

स्कीच्या नकाशांचीही एक गंमत आहे. त्यांत उत्तर वरच्या बाजूला असेलच असं नाही. अमेरिकी चित्रकार जेम्स नीह्यूज यांनी असे शेकडो नकाशे हाताने रंगवले. डोंगराच्या वेगवेगळ्या बाजू एका कागदावर दिसाव्यात म्हणून ते उतार वळवून घेत. वाटा शोधायला हे चित्र उत्तम, पण कुठल्या उतारावर ऊन आधी पोचेल ते त्यावरून काढायला जाऊ नये. नकाशावरच्या सीमेचीही अशीच गंमत. स्वित्झर्लंडमधलं झरमॅट आणि इटलीतलं चेर्व्हिनिया ही स्कीची ठिकाणं एकमेकांना जोडलेली आहेत; स्कीवरून घसरत माणूस देश ओलांडतो. तिथली सीमा बऱ्याच अंशी पाणलोटाच्या रेषेवरून ठरलेली, आणि हिमनदी वितळू लागल्यावर ती रेषाच सरकली. 2023 मध्ये सीमा नव्याने आखण्यावर दोन्ही देशांत सहमती झाली. पाठ्यपुस्तकात ठाम वाटणारी रेघ हिमावर काढलेली होती.

धुकं उतरलं की आभाळ आणि जमीन एकाच रंगाची होतात, उतार दिसेनासा होतो. तेव्हा रंगापेक्षा वाटेच्या कडेला रोवलेल्या काठ्या कामाला येतात. फ्रान्समध्ये वाटेच्या उजव्या कडेच्या काठ्यांचा माथा नारिंगी असतो आणि काठ्यांवरचे आकडे खाली येताना कमी कमी होत जातात. अडकलात तर फोनवर वाटेचं नाव आणि जवळच्या काठीचा आकडा सांगायचा. बचावपथक त्यावरून जागा शोधतं.