फोटोतला तडा आणि कॉलममधला तडा

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये मी तडे शोधते ते हातोडीने. कॉलम ठोकायचा, आवाज पोकळ आला की गिलावा फोडून सळई बघायची. हेच काम फोटोवरून संगणकाकडून करून घ्यायला शिकतेय आणि पुरती गोंधळलेय.

नवशिक्यांच्या हाती बहुधा पहिला पडतो तो अंकाराच्या मिडल ईस्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या इमारतींचा फोटोसंच. २२७ बाय २२७ पिक्सेलचे ४०,००० तुकडे, निम्म्यांत तडा, निम्म्यांत नाही. तयार मॉडेलला ते दाखवले आणि अचूकता ९९ टक्क्यांवर! मला आनंदापेक्षा धास्तीच वाटली. एवढं सोपं कसं? मग कळलं, हे सगळे तुकडे जेमतेम ४५८ मोठ्या फोटोंतून कापलेले आहेत. तुकडे सरमिसळ करून वाटले की एकाच भिंतीचा एक तुकडा शिकवणीत जातो आणि शेजारचा परीक्षेत.

युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'एसडीनेट २०१८' या फोटोसंचाने वेगळंच कोडं घातलं. त्यात ५६,००० हून जास्त तुकडे, पण तड्यांचे सुमारे १५ टक्केच. 'तडा कुठेच नाही' असं सरसकट सांगणारं मॉडेलही तिथे ८५ टक्के बरोबर ठरतं! अशा अचूकतेच्या भरवशावर कुणाला घरात राहू द्यायचं?

मग आपल्याकडचे, पावसाळ्यातले फोटो घातले. शटरिंगच्या फळीची रेघ, शेवाळाचा ओघळ, वायरची सावली, सगळ्यांना मॉडेलने तडा ठरवलं. कॉलमच्या कोपऱ्याला सळईच्या रेषेत गेलेली उभी भेग, तिच्या कडेला तांबूस डाग, हेही ओळखलं. पण गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगेइतक्याच खात्रीने. माझं सगळं काम या दोन भेगांमधल्या फरकावर चालतं. गिलावा आकसला तर रंगाचं काम निघतं. सळई गंजून फुगली तर ती वरचं काँक्रीट ढकलून देते आणि तिथे टेकू लावायची वेळ येते.

रुंदीचं तर आणखी अवघड. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सर्वसाधारणपणे ०.३ मिमीपर्यंतची भेग चालवून घेतं, सतत ओलाव्यातल्या भागाला ०.२. 'यू-नेट'सारखं मॉडेल तड्याचा पिक्सेल न् पिक्सेल रंगवून देतं, पण एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर हे फोटोला कुठे ठाऊक असतं? एक पिक्सेल ०.२ मिमीचा धरला तर ०.३ ची भेग दीड पिक्सेलची, म्हणजे रंगवताना एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की निर्णयच फिरतो. म्हणून आता प्रत्येक फोटोत भेगेशेजारी पट्टी ठेवते, कॅमेरा जवळ नेते आणि एका इमारतीचे सगळे फोटो एकतर शिकवायला देते, नाहीतर परीक्षेला.