वाघाच्या दाराआतले शहर

गेल्या वर्षी आजीच्या डोळ्यांसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आठ दिवस काढावे लागले. बाकावर बसून वेळ जाईना, म्हणून चीनच्या इतिहासाचे एक पुस्तक चाळत होतो. त्यात एका पानावर जमशेटजी जीजीभॉय हे नाव आले आणि मी सावरून बसलो. ज्यांच्या नावाच्या छपराखाली मी बसलो होतो, तेच हे गृहस्थ! पुस्तकात ते व्यापारासाठी कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, निघाले होते.

घरी आल्यावर नकाशा काढला. ग्वांगचौ हे बंदर खरे. पण खुला समुद्र तेथून बराच दूर. पश्चिम नदी, उत्तर नदी आणि पूर्व नदी अशा अगदी साध्या नावांच्या तीन नद्या येथल्या त्रिभुज प्रदेशात येतात. शहराजवळून वाहते ती मोत्यांची नदी. समुद्राकडून येताना तिचे पात्र एके ठिकाणी अरुंद होते. त्या जागेला चिनी लोक हूमेन, म्हणजे 'वाघाचे दार', म्हणतात. भरती नदीतून थेट शहरापर्यंत चढते, पण मोठी जहाजे पूर्वी अलीकडेच व्हांपोआला नांगर टाकीत आणि माल होड्यांतून पुढे जाई.

पाहुण्याला ओसरीवर बसवावे, माजघरात घेऊ नये, असाच या शहराचा रिवाज होता. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय जहाजांना चीनचे हे एकच बंदर खुले होते. व्यापाऱ्यांनी तटाबाहेर, नदीकाठच्या तेरा वखारींत राहायचे. हंगाम संपला की निघायचे. बायकांना आणायचे नाही. चिनी भाषा शिकायची नाही. बहुतेकजण मग मकावला जाऊन राहात. (मकावचा कारभार १८४४ पर्यंत आपल्या गोव्याच्या हाताखाली चाले, हे किती जणांना ठाऊक असेल?)

येथून चहा बाहेर जाई. 'चा' हा कँटनचाच उच्चार. आपला चहा त्याच कुळातला. त्याच्या बदल्यात चांदी द्यायची, तर चांदी पुरेना. मग इंग्रजांना अफू सापडली. पाटणा-बनारसची अफू कलकत्त्याहून जाई. माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली, मुंबई आणि दमणहून जाई. जमशेटजींची संपत्ती कापसाइतकीच या अफूवर उभी राहिली. शाळेत 'अफूचे युद्ध' मी इंग्रज आणि चिनी यांचे भांडण म्हणून पाठ केले होते. खसखशीचे शेत कोणाचे, हा प्रश्न परीक्षेत कधी आलाच नाही.

१८३९ च्या जूनमध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने हूमेनला वीस हजारांवर पेट्या अफू चर खणून, मीठ आणि चुना घालून नष्ट केली व समुद्रात सोडली. तत्पूर्वी त्याने समुद्रदेवतेची प्रार्थना करून, जलचरांना काही दिवस दूर जाण्यास सांगावे, अशी विनंती केली. मला या साऱ्या इतिहासात हा माणूस सर्वांत जवळचा वाटला. पुढे युद्ध झाले, चीन हरला. १८४२ मध्ये तह झाला आणि हाँगकाँग गेले. त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना 'सर' किताब मिळाला. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले.

हे वाचल्यावर त्या रुग्णालयाविषयी मनात अढी बसली, हे कबूल करतो. पण आजीला दिसू लागले आहे, तेही तेथेच.

आणि मुंबईहून त्या नदीत फक्त अफूच गेली असे नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे कोटणीस. चीनमध्ये त्यांनी पहिले पाऊल ठेवले ते ग्वांगचौला, १७ सप्टेंबरला. शहरावर तेव्हा जपानी विमाने बाँब टाकीत होती. २१ ऑक्टोबरला शहर पडले. डॉक्टर त्याआधीच आत, उत्तरेकडे गेले होते. कोटणीस परतले नाहीत.

आज हे पावणेदोन कोटींहून अधिक वस्तीचे शहर आहे. त्याने आपले फूल म्हणून निवडले आहे ते सावरीचे. आपल्या बेळगावकडे माघ-फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर लाल फुलते, तीच काटेसावर. तिकडे तिला 'वीरांचे झाड' म्हणतात.