काहीही न करण्याची आज्ञा

बंद पडलेला जुना संगणक उघडला की पहिला मोह होतो तो संशयित चिप बदलून टाकण्याचा. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना तो ओळखीचा वाटेल: पोथीतले अक्षर लागले नाही, की तेथे आपल्या सोयीचा शब्द बसवावा. या मोहाला आवर घालण्यासाठी मी पुण्यात घरच्या घरी सर्किट बोर्ड करू लागलो.

ब्रिटनमध्ये १९८२ साली अवतरलेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची पुढची आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्याने भारतात आणली. त्याचा झेड-८० प्रोसेसर ४० पायांचा. तो सॉकेटात असेल, तर त्या दोहोंच्या मध्ये बसणारी एक पट्टी आखता येते. तांबे चढवलेला बोर्ड तपकीर गल्लीतून आणायचा, कागदावर छापलेला आराखडा इस्त्रीने त्यावर उमटवायचा आणि उघडे राहिलेले तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचे.

या पट्टीत प्रोसेसरच्या डेटाच्या आठही वाहिन्या शून्याला बांधलेल्या असतात. झेड-८०च्या भाषेत शून्य म्हणजे ‘काहीही करू नकोस’. ही आज्ञा पाळत तो ६५,५३६ पत्ते ओळीने पुकारतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तेवढ्यात पत्त्याच्या सोळा वाहिन्या ऑसिलोस्कोपवर पाहाव्यात. एखादी निश्चल असेल, किंवा दोन वाहिन्या एकाच ठोक्यावर चालत असतील, तर खोट तेथे शोधायची.

ही यंत्रे आता पुन्हा घडणार नाहीत. उतावीळ दुरुस्तीने एक प्रत कायमची हातची जाते. पट्टी मात्र काढून घेता येते. ती समासातली टीप आहे; संहितेला तिचा स्पर्श होत नाही.