फेसाचा भरवसा

बारडोलीत मावशीकडे सिलिंडर बदलायला आलेल्या माणसाने काम उरकल्यावर फर्मावलं, "मासी, जरा लिक्विड आपो ने." म्हणजे भांडी घासायचं. वाटीत थेंबभर घेऊन त्याने पाण्यात बोटाने फेटलं आणि रेग्युलेटरच्या सांध्यावर फेस लावला. आम्ही ओणवून बघत राहिलो. एक बुडबुडा जागच्या जागी फुगू लागला. वाटाण्याएवढा झाला, फुटला, लगेच दुसरा. व्हॉल्व्हमधली काळी रबरी रिंग चिरली होती. त्याने खिशातून नवी काढून बसवली, पुन्हा फेस लावून पाहिला आणि गेलासुद्धा.

नुसत्या पाण्याला असा बुडबुडा धरणं जमत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके धरून असतात की त्यांचा पापुद्रा टिकतच नाही. साबणाचा रेणू ती पकड सैल करतो. त्याचं एक टोक पाण्यात रमतं, शेपटी पाण्याला टाळून तेलात घुसते. एक पाय सासरी, एक माहेरी. असे असंख्य रेणू तेलाच्या कणाभोवती गोळा होतात, शेपट्या आत, तोंडं पाण्याकडे, आणि तेल ताट सोडून पाण्याबरोबर चालू लागतं. मावशीचंही तसंच. मूळची नंदुरबारची. भाजीवाल्याशी घासाघीस गुजरातीत करते, रागावते मात्र मराठीत.

तिच्या लिक्विडच्या बाटलीच्या बुचाला दाभणाने पाडलेलं भोक आहे. त्यातून चष्म्याला एक थेंब, शर्टावरच्या तेलाच्या डागाला दोन. कढीपत्त्यावर मावा पडला की साबणाचं पातळ पाणी फवारते. किड्यांच्या अंगावरचं मेणचट आवरण सुटतं आणि ते सुकून मरतात. बिडाच्या तव्याला मात्र लिक्विड शिवू देत नाही. तिथे राखच. राखेतला क्षार तव्यावरच्या तुपातेलाशी मिळून तिथल्या तिथे थोडासा साबण तयार करतो, हे तिला कुणी सांगितलेलं नाही आणि सांगायची गरजही नाही.

बारडोलीत राखेने भांडी घासणं म्हटलं की मला १९२८ साल दिसतं. मुंबई सरकारने तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला, लोकांनी तो भरायचा नाही असं ठरवलं आणि जप्ती सुरू झाली. जप्तीवाले येतील म्हणून दिवसा गावंच्या गावं कुलूपबंद. आत माणसं, आत म्हशी. अंधारात महिनोन्महिने राहून म्हशींचा रंग उतरला म्हणे. या लढ्याचे पुढारी वल्लभभाई पटेल यांना सरदार ही पदवी इथेच मिळाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझं मन घुटमळतं ते मोरीपाशी. विहिरीवर जायचं ते अंधार पडल्यावर. मग दिवसभराची खरकटी पितळी भांडी कुठे रचून ठेवत असतील? घासताना एखादा तांब्या निसटून फरशीवर वाजला तर बाहेर उभ्या जप्तीदाराला घर रिकामं नाही हे कळायचंच. शिवाय लखलखीत हंडा आधी डोळ्यांत भरतो. एखाद्या शहाण्या सासूने सुनेला बजावलं असेल का, की घासूच नकोस, काळाच राहू दे? कुठल्या अहवालात हे सापडायचं नाही. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या सरकारी अधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीने वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणली. त्या ऑगस्टात तालुक्यात चिंच किती खपली असेल!

कारण राखेने ओशटपणा जातो, पितळेचा काळेपणा जायला आंबटच लागतं. लिक्विडचंही तेच. त्याच्या बाटलीवर लिंबू छापतात, पण खऱ्या लिंबाची गरज हंड्याला असते, स्टीलच्या ताटाला नव्हे. मला तर तो लिंबाचा वासच सोसत नाही. बारडोलीचे पात्रा, म्हणजे आपल्या अळूवड्या, खाऊन बोटांवर तिळाचं तेल आणि मोहरी रेंगाळत असताना त्यावर असलं अत्तर कशाला? मी हात नुसत्या पाण्याखाली धरतो. तेल अर्थातच जात नाही, आणि ते जावं अशी माझी इच्छाही नसते.