ठकीचें घर

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' अशी आपल्यांत म्हण आहे. दुसऱ्यासाठीं घर शोधून पाहावें, असें मात्र तींत कोणीं घातलेलें नाहीं. तें काम किती कठीण असतें, आणि तो दुसरा मुका व आजारी असला म्हणजे त्यांत शोधणाराचीच कशी परीक्षा होते, हें आम्हां दोघी बहिणींस गतवर्षीं कळून आलें. त्या परीक्षेंत प्रथम आम्ही सपशेल नापास झालों. ती हकीकत सांगण्यांत आमचा मोठेपणा कांहींच नाहीं. परंतु आमच्या शालाबंधुभगिनींस व त्यांच्या वडील मंडळींस ती उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

आषाढांतील एके सायंकाळीं साताऱ्यास पावसाची झड लागली होती. शाळा सुटल्यावर पोवई नाक्यावरून घरीं येत असतां एका बंद दुकानाच्या पायरीशीं पांढरें असें कांहीं तरी हललेलें आम्हांस दिसलें. वाकून पाहतों तों पांढऱ्या केसांची, मांजराएवढी एक कुत्री कुडकुडत बसलेली! गळ्याभोंवतींचे केस पट्ट्यानें झिजलेले होते. अर्थात् ती जन्माची बेवारशी नव्हती. कोणाच्या तरी घरांत वाढलेली होती, आणि कोणीं तरी तिला आणून टाकिलें होतें. आम्हीं तिला दप्तरावरच्या रेनकोटांत गुंडाळून घरीं आणिली. आजीनें तिच्याकडे पाहून म्हटलें, "अग, ही तर ठकी बाहुलीच!" तेंच तिचें नांव पडलें.

बाबांनीं आधीं आमची चांगली कानउघाडणी केली. अनोळखी कुत्र्यास असा उघड्या हातानें स्पर्श करूं नये, मोठ्या माणसास बोलवावें, असें त्यांनीं बजाविलें. दुसरे दिवशीं ते स्वतः तिला गुरांच्या दवाखान्यांत घेऊन गेले व पिसाळण्याच्या रोगाची प्रतिबंधक लस टोंचून आणिली. आमच्या आईस दम्याचा विकार आहे. कुत्र्याच्या अंगच्या केसांनीं व कोंड्यानें तिचा श्वास लागूं लागला. तेव्हां ठकीनें मागच्या पडवींत राहावें, आणि दोन महिन्यांच्या आंत आम्हीं तिच्यासाठीं दुसरें घर पाहावें, असा निवाडा झाला.

नवव्या रात्रीं पडवींत कांहीं तरी आपटल्याचा आवाज झाला. दिवा लावून पाहिलें तों ठकी एका कुशीवर पडली होती. मान ताठ, डोळे उघडे पण दृष्टि नाहीं, तोंडाला फेंस, आणि चारी पाय पाण्यांत पोहावें तसे चाललेले. आजीनें लगबगीनें कांदा फोडून आणिला. तो हुंगविण्यासाठीं ती पुढें होणार, इतक्यांत बाबांनीं तिचा हात धरला. दोन मिनिटांत सारें थांबलें. ठकी उठली, भिंतीस धडकली, आम्हांस न ओळखतां पडवीभर फिरली, आणि शेवटीं दमून निजली. त्या रात्रीं आम्हांस तिच्या टाकून देण्याचें कारण उमगलें.

पशुवैद्यांनीं तिचा दांत वा नख कोणास लागलें आहे काय, हें बारकाईनें विचारलें. पिसाळण्याच्या रोगाचा संशय फिटेपर्यंत तिला हात न लावतां वेगळें ठेवून दहा दिवस लक्ष ठेवण्यास सांगितलें. ते दहा दिवस सुखरूप गेले. मग सर्व तपासण्या करून त्यांनीं निदान केलें, कीं हा अपस्मार होय. तो संसर्गानें कोणास जडत नाहीं. कुत्र्यांत तो बहुधा सहा महिने ते सहा वर्षें या वयांत सुरू होतो. पुष्कळदां मुळापासून बरा होत नाहीं, पण औषधानें आवरतां येतो. त्यांनीं फेनोबार्बिटोनच्या गोळ्या लिहून दिल्या. माणसांच्या अपस्मारावर हें औषध १९१२ पासून वापरांत आहे. बारा बारा तासांनीं एक याप्रमाणें ती गोळी दिलीच पाहिजे. एकाएकीं बंद केली तर पूर्वीपेक्षां भयंकर झटके येतात. झटका आला असतां तोंडांत हात वा चमचा घालूं नये, जीभ गिळली जात नसते. जवळच्या टणक वस्तु बाजूस साराव्या, आणि घड्याळाकडे पाहावें. पांच मिनिटांत थांबला नाहीं, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वींच दुसरा आला, तर जिवास धोका समजून तात्काळ दवाखाना गांठावा. कांद्याविषयीं आजीनें मुद्दाम पुसलें. डॉक्टर हंसून म्हणाले, "आजीबाई, कांदा भाकरीबरोबर आपणच खावा, कुत्र्याच्या पोटांत तो गेला तर विषासारखा बाधतो."

गोळ्यांनीं गुण आला. पहिले कांहीं दिवस ठकीची चाल झोकांड्या खात असे, तहान व भूक वाढली. पण तीन आठवडे झटका आला नाहीं. आतां आम्हीं बाबांच्या मोबाईलवरून तिचें छायाचित्र ओळखीच्या लोकांस धाडलें, व खालीं लिहिलें : 'सुंदर, शांत, घरांत राहण्याची शिस्त असलेली लहान कुत्री प्रेमळ कुटुंबास देणें आहे.' यांतील प्रत्येक शब्द खरा होता. जो एक शब्द लिहावयास हवा होता, तो तेवढा आम्हीं गाळला. आम्ही मनाशीं म्हटलें, आजार असा शब्द पाहिला कीं लोक पुढचें वाचणार नाहींत. एकदां लळा लागला म्हणजे कोण तिला परत पाठवील? बाबांस वाटलें, आम्हीं सर्व कांहीं लिहिलें असेल. त्यांनीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही सांगितलें नाहीं.

दोनच दिवसांत एक सुखवस्तु गृहस्थ आपल्या पांच वर्षांच्या मुलास घेऊन आले. मुलानें ठकीस पोटाशीं धरलें तें सोडीचना. निघतांना गृहस्थांनीं डबी हातांत घेऊन विचारलें, "या गोळ्या कसल्या?"

"शक्तीच्या."

हा शब्द आम्हां दोघींपैकीं कोणाच्या तोंडून गेला, हें आम्ही येथें सांगणार नाहीं. एक बोलली आणि दुसरी गप्प राहिली. म्हणजे तो दोघींचाच शब्द झाला.

एवढ्या खेळकर कुत्रीस शक्तीचें औषध कशास, असें म्हणून त्या घरीं गोळ्या बंद झाल्या. तसें वाटण्यांत त्यांची कांहींच चूक नव्हती. चौथ्या रात्रीं ठकीस एकामागून एक तीन झटके आले, आणि मध्यें ती शुद्धीवर आली नाहीं. मूल शेजारींच निजलें होतें. गृहस्थांचा बाबांस दूरध्वनि आला. मध्यरात्रीं पशुवैद्यांस उठवून त्यांच्याकडे ठकीस नेली, व इंजेक्शनें देऊन मोठ्या कष्टानें ती वांचली. गृहस्थ रागावले नाहींत. ते इतकेंच म्हणाले, "मुलींनों, तुम्हीं खरें सांगितलें असतें, तर आम्ही विचार केला असता. कदाचित् ठेवूनही घेतली असती. आतां माझें मूल कुत्र्याचें नांव काढलें तरी रडतें." नांव तिचें ठकी, पण ठकविलें होतें तें आम्हीं.

बाबांनीं आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. दुसरे दिवशीं त्यांनीं आमच्यापुढें कोरा कागद ठेवला आणि म्हटलें, "लिहा. आधीं दुखणें, मग सौंदर्य." आम्हीं लिहिलें : 'या कुत्रीस अपस्मार आहे. जन्मभर सकाळीं आठ व रात्रीं आठ वाजतां गोळी द्यावी लागेल. गोळी चुकवून चालणार नाहीं. मधून मधून रक्त तपासावें लागेल. तरीही केव्हां केव्हां झटका येईल. तिला एकटी ठेवून गांवीं जातां येणार नाहीं. ती प्रेमळ आहे.' या कागदाच्या प्रती आम्हीं ओळखीच्या दुकानांतून लावल्या.

चाळीस दिवस कोणी फिरकलें नाहीं. कोणी हंसले. एकानें सुचविलें, कीं लांबच्या खेड्यांत सोडून द्यावी. बाबांनीं त्यास सांगितलें, कीं जनावर उपाशीं-तहानेलें तळमळेल अशा स्थितींत मालकानें टाकून देणें हा १९६० च्या प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तें पाप होतेंच.

याच सुमारास शाळेची सहल संगम माहुलीस गेली. सातारचे छत्रपति शाहू महाराज १७४९ सालीं वारले; त्यांच्या समाधीजवळ त्यांच्या आवडत्या कुत्र्याचेंही स्मारक आहे. त्या कुत्र्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें, अशी कथा सांगतात. सर्व मुलें कौतुकानें पाहत होतीं. आमच्या मनांत मात्र आलें, कीं ज्यानें राजाचा जीव वांचविला त्यास दगडाचें घर मिळालें, तें योग्यच झालें. पण जिला आपलाच जीव सांभाळतां येत नाहीं, तिला कौलारू घर तरी कोण देणार?

दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्ही गणवेश सैल करून घेण्यासाठीं आमच्या नेहमींच्या शिंपीकाकांकडे गेलों. आमचा कागद त्यांच्या दुकानांतही लावलेला होता. मापें घेतां घेतां त्यांनीं विचारलें, "पोरींनों, गोळी नक्की किती वाजतां?"

"सकाळीं आठ आणि रात्रीं आठ."

काकांनीं शिलाईमशीनचा खण ओढला. त्यांत बॉबिनी, खडू आणि बटणें यांच्यामध्यें गोळ्यांचें एक पाकीट होतें. तें दाखवून ते म्हणाले, "माझीही आठाचीच."

त्यांस चौदाव्या वर्षापासून हें दुखणें होतें. इतकीं वर्षें आम्ही त्यांच्याकडे कपडे शिवीत आलों, पण आम्हांस पत्ता नव्हता. "कात्री आणि इस्त्री हातांत घेणाऱ्या माणसास फीट येते म्हटल्यावर कापड कोण देईल?" असें ते म्हणाले. मात्र लग्नापूर्वीं त्यांनीं काकूंस सर्व सांगितलें होतें. तीन ठिकाणीं नकार आला, चौथ्या ठिकाणीं काकू मिळाल्या. काकू आंतून म्हणाल्या, "लपविलें असतें, तर पहिल्याच फिटीला मी माहेरीं गेलें असतें!" घरीं आल्यावर हें ऐकून बाबांनीं आम्हांस सांगितलें, कीं १९७६ च्या दुरुस्तीनें वारंवार येणारा अपस्मार हा हिंदु विवाहाच्या कायद्यांत विवाहास अडसर ठरविला होता, तो शब्द १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. कायद्याच्या कागदावरून शब्द काढतां आला. लोकांच्या मनांतून तो काढावयास अजून वेळ लागणार, हें काकांच्या त्या खणानेंच आम्हांस दाखविलें.

तरीही या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. बाबांनीं स्पष्टच विचारलें, "आणि दोघांसही एकाच वेळीं झटका आला तर?" काकू म्हणाल्या, "मी आहे ना! मला दोन हात आहेत." पंधरा दिवसांची बोली ठरली. पशुवैद्यांकडे काका स्वतः येऊन सर्व ऐकून गेले. रक्ततपासणीचा निम्मा खर्च बाबांनीं पतकरला. डबीवर आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहिलें : 'अपस्माराच्या गोळ्या. बंद करूं नयेत.' पंधरा दिवसांनीं आम्ही गेलों, तेव्हां काका म्हणाले, "आतां परत मागूं नका."

ठकी आतां त्यांच्या मशीनखालीं चिंध्यांच्या गादीवर निजते. ती बरी झालेली नाहीं. त्या घरीं गेल्यापासून तिला दोन झटके आले. परंतु आठ वाजण्याच्या सुमारास ती आपण होऊन खणापाशीं जाऊन बसते, आणि त्यामुळें काकांचीही गोळी चुकत नाहीं. कुत्रीस औषध कशाचें, असें गिऱ्हाइकांनीं विचारलें म्हणजे काका आतां सांगतात, "तिला आणि मला एकच दुखणें आहे." त्यावरून एक दोन गिऱ्हाइकें गेलीं असतील, त्यांचीं नांवें काका काढीत नाहींत. बाकीचीं आहेत तशींच आहेत. हें सर्व येथें लिहिलें आहे तें त्यांच्या अनुमतीनेंच.

वाचकहो, आमच्या मनांत एकच गोष्ट ठसली आहे. ठकीचा दोष झांकून आम्हीं तिच्यासाठीं जें मिळविलें, तें घर नव्हतेंच; चार रात्रींचा आसरा होता. दोष सांगितल्यानें चाळीस दिवस दार उघडलें नाहीं हें खरें. पण जें उघडलें, तें तिच्या दुखण्यासकट तिला आंत घेणारें होतें. मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलण्याचें काम ज्यानें पतकरलें, त्यानें निदान खोटें तरी बोलूं नये.

त्या पहिल्या गृहस्थांच्या घरीं आम्ही क्षमा मागण्यास गेलों होतों. त्यांनीं आम्हांस बसवून घेतलें आणि चहा दिला. त्यांचा मुलगा दाराआडून पाहत होता. "ती कुत्री बरोबर आणली नाहीं ना?" एवढेंच त्यानें विचारलें. ठकीस घर मिळालें. पण त्या मुलाच्या मनांतील भीति कशी काढावी, हें आम्हांस अजून सुचलेलें नाहीं. सुटींत आम्ही पुन्हा त्याच्याकडे जाणार आहों.